भिंत नसलेलं चित्र

आपल्या वर्तमानपत्रांना चाणक्य फार लागतात. कुणी रातोरात चार आमदार फोडले, कुणी सरकार पाडून सकाळी शपथविधी उरकला, की मथळ्यात चाणक्य छापून आलाच म्हणून समजा. कट्ट्यावरच्या गप्पांतही प्रत्येकाच्या पसंतीचा एक चाणक्य असतो. चाणक्याचा प्रतिस्पर्धी, नंद राजांचा मंत्री अमात्य राक्षस मात्र कुणालाच व्हायचं नसतं. नावाची अडचण आहे म्हणा. शिवाय तो हरतो.

संस्कृत नाटककार विशाखदत्ताने आपल्या नाटकाला नाव देताना चाणक्याला बाहेर ठेवलं आणि राक्षसाला आत घेतलं. सात अंकांचं हे 'मुद्राराक्षस' मी कॉलेजात वाचलं ते चाणक्यासाठीच. बहुतेक जण तसंच वाचतात. शेंडी मोकळी सोडलेला, मोडकळीला आलेल्या झोपडीत राहून साम्राज्य हलवणारा ब्राह्मण त्या वयात आवडतोच. पुढे केव्हातरी दुसऱ्या अंकापाशी जास्त वेळ रेंगाळायला लागलो. तिथे राक्षस पहिल्यांदा आपल्यासमोर येतो.

परिस्थिती अशी आहे. पाटलिपुत्र, म्हणजे नाटकातलं कुसुमपूर आणि आजचं पाटणा, चंद्रगुप्त मौर्याच्या हाती गेलं आहे. नंद संपले. त्यांच्यामागे उरलेला सर्वार्थसिद्धी भुयारातून निसटून तपोवनात गेला, तर चाणक्याने त्याला तिथेही मारवलं. म्हणजे ज्याला परत गादीवर बसवायचं, असा नंदांच्या कुळातला एकही माणूस आता शिल्लक नाही. एखाद्या व्यवहारी कारभाऱ्याने इथे वही मिटली असती. राक्षस डोंगराळ मुलखाच्या मलयकेतूकडे जातो. मलयकेतूचा बाप पर्वतक पाटलिपुत्रात मेला आहे आणि त्याचा सूड पोराला घ्यायचा आहे. राक्षस त्या सुडाला आपला सूड जोडतो. कुलूत, मलय, काश्मीर, सिंधू आणि पारसीक अशा पाच राजांना सोबत घेऊन मगधावर चालून जाण्याच्या तयारीला लागतो.

कुणासाठी? हा प्रश्न आपल्या आधी त्यालाच पडलेला आहे. 'सैवेयं मम चित्रकर्मरचना भित्तिं विना वर्तते', असं तो रंगमंचावर आल्या आल्या म्हणतो. रात्रंदिवस जागून मी चित्र रेखाटतो आहे, पण ज्या भिंतीवर ते काढायचं ती भिंतच उरलेली नाही. लगेच पुढच्या श्लोकात तो स्वतःची झडतीही देतो. मी हे करतो ते सुखात लोळायचं म्हणून नाही, जिवाच्या भीतीने नाही, मोठेपणा मिळावा म्हणूनही नाही. दुसऱ्याच्या दारची चाकरी पत्करून राजनीतीत मन घालतो ते एवढ्यासाठी, की शत्रूच्या वधाने स्वर्गातल्या माझ्या धन्याची सेवा घडावी: 'देवः स्वर्गगतोऽपि शात्रववधेनाराधितः स्यादिति'.

खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडे मोठा गुण मानतात. पण मीठ देणारा हात जिवंत असतो, तेव्हा त्या जागण्यात थोडा तरी हिशेब असतोच. राक्षसाच्या बाबतीत हिशेबाची सगळी दारं विशाखदत्ताने आधीच लावून घेतली आहेत. राजा नाही, वारस नाही, राज्य नाही. शाबासकी द्यायलासुद्धा कुणी नाही.

त्याचं हे मोठेपण ओळखणारा माणूस नाटकात एकच आहे, आणि तो त्याचा शत्रू आहे. पहिल्या अंकात चाणक्य एकटा असताना राक्षसाला मनातल्या मनात उद्देशून बोलतो. सत्तेवर असलेल्याची सेवा लोक पैशासाठी करतात. पडत्या काळात जे मागे राहतात, ते तो पुन्हा उभा राहील या आशेने. धन्याचा समूळ नाश झाल्यावरही जुन्या उपकारांना स्मरून, कसलीही अपेक्षा न ठेवता त्याचं काम पुढे नेणारे तुझ्यासारखे दुर्मीळ, 'दुर्लभास्त्वादृशाः'. हे ऐकायला कुणी नाही, म्हणजे हे दरबारी कौतुक नाही. नाटकातला चाणक्याचा सगळा उद्योग या एका खात्रीवर उभा आहे. त्याला राक्षसाला मारायचं नाही. विकत घ्यायचं तर अजिबातच नाही, कारण विकत मिळणारा राक्षस त्याच्या कामाचा नाही. जी निष्ठा नंदांना होती ती जशीच्या तशी उचलून चंद्रगुप्ताला मिळवून द्यायची, आणि आपण बाजूला व्हायचं, असा बेत आहे. राक्षस जरासा जरी लबाड असता, तरी हा बेत फसला असता. उलट ज्याच्यासाठी तो फौज उभारतो आहे त्या मलयकेतूला चौथ्या अंकापासूनच त्याच्याबद्दल शंका येऊ लागतात. शत्रूचा पूर्ण विश्वास आणि मित्राचा अर्धामुर्धा, या दोहोंच्या मधल्या जागेत राक्षस सापडतो.

दुसऱ्या अंकात त्याचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेशात येतो आणि पाटलिपुत्रातल्या बातम्या सांगतो. एकेक बातमी म्हणजे एकेक फसलेला कट. सुतार दारुवर्म्याने चंद्रगुप्ताच्या नगरप्रवेशासाठी यंत्राची कमान उभारली होती, ती त्याच्या अंगावर पाडायची होती. चाणक्याने हत्तीवर राजाच्या वेशात पर्वतकाचा भाऊ वैरोचक बसवला. कमान चुकून माहुतावर कोसळली, म्हणून दारुवर्म्याने लोखंडी खिळ्याने हत्तीवरच्या 'राजा'ला मारलं, आणि जमावाने दारुवर्म्याला ढेकळांनी ठेचलं. वैद्य अभयदत्ताने औषधात विष कालवलं. सोन्याच्या भांड्यात औषधाचा रंग बदललेला चाणक्याच्या नजरेस आला आणि ते औषध वैद्यालाच प्यावं लागलं. शयनगृहावर नेमलेला प्रमोदक हाती आलेला पैसा उधळू लागला आणि पकडला गेला. राजाच्या शयनगृहाच्या भिंतीत भुयार करून मारेकरी लपले होते. चाणक्याला भिंतीच्या फटीतून भाताचे कण घेऊन निघालेल्या मुंग्यांची रांग दिसली. आत माणसं जेवताहेत हे त्याने ओळखलं आणि ते घर पेटवून दिलं. मुंग्यांची ही रांग मला अख्ख्या संस्कृत नाटकातल्या सर्वांत भयंकर गोष्टींपैकी एक वाटते.

इथे एक गोष्ट नजरेआड होते. राक्षसाच्या निष्ठेचं बिल दुसरेच लोक भरत आहेत. तो मलयकेतूच्या आश्रयाला सुरक्षित आहे, आणि पाटलिपुत्रात त्याची माणसं एकामागून एक ठेचली, जाळली, विष पाजून मारली जात आहेत. विशाखदत्त हे लपवत नाही. राक्षस वैद्यासाठी हळहळतो, विद्येची एक मोठी रासच गेली म्हणतो, दैवाला दोष देतो आणि पुढची बातमी विचारतो. दैव हा त्याचा आवडता शब्द. चाणक्य दैवाला मानत नाही, आणि म्हणूनच तो मुंग्यांकडे बघतो.

याच प्रवेशात एक जागा अशी आहे की ती वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. कुसुमपुराला वेढा पडला तेव्हाची हकिगत विराधगुप्त सुरुवातीपासून सांगू लागतो. ऐकता ऐकता राक्षस उठतो, तलवार उपसतो आणि ओरडायला लागतो: मी असताना कुसुमपुराला वेढा घालणारा कोण? तटावर धनुर्धर चढवा, वेशींवर हत्ती आणा, मरणाची भीती सोडून माझ्याबरोबर बाहेर पडा! विराधगुप्त हळूच सांगतो, अमात्य, ही झालेली गोष्ट सांगतो आहे. राक्षस भानावर येतो. मला वाटलं तीच वेळ आहे, म्हणतो. मग त्याला धनी आठवतो. जिथे हत्तींचं दळ असेल तिथे राक्षसाने जावं, जिथे घोडदळ उसळेल तिथेही राक्षसानेच जावं, पायदळालाही त्यानेच आवरावं; नंदाच्या अशा आज्ञा सुटायच्या, जणू त्या नगरात एक नव्हे, हजार राक्षस असावेत. नोकरीत असं ज्याला कधी कुणी वागवलं असेल, त्याला राक्षसाच्या निष्ठेचं मूळ वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या चाळीत एक काका होते, गिरणीत हेडक्लार्क होते. ८२ च्या संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच. त्यानंतर बरीच वर्षं ते बोलताना 'आमच्या खात्यात असं चालत नाही' असंच म्हणायचे, वर्तमानकाळात. आम्ही पोरं हसायचो. घरातलं कुणी त्यांना सुधारायचं नाही. त्यांच्या बोलण्यातल्या त्या 'नाही'पाशी पोचलो की मला विराधगुप्त आठवतो, कारण त्याला सांगावं लागलं.

आता अंगठी. राक्षस कुसुमपूर सोडून निघाला तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या बोटातली नाममुद्रा काढून घेतली होती. त्याची आठवण आली की जीव रमवायला. एवढंच एक वाक्य, तेही राक्षस दुसऱ्या अंकात ओघात बोलतो. मुद्राराक्षसात नायिका नाही, विदूषक नाही, वसंतऋतूतली बाग नाही. नाटकभर राक्षसाची बायको रंगमंचावर येत नाही. सबंध नाटकातलं नवरा-बायकोचं प्रेम म्हणून जे काही आहे ते या वाक्यात आहे, आणि तेवढंच राक्षसाच्या गळ्याला फास ठरतं. ती जवाहिऱ्या चंदनदासाच्या घरी लपली आहे. चाणक्याचा हेर यमपट घेऊन, म्हणजे यमाच्या दरबाराची चित्रं दाखवत गाणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या सोंगात, तिथे पोचतो. पाच वर्षांचं पोर चित्रं बघायला दाराबाहेर धावतं. आतून बाईचा हात येतो आणि त्याला मागे ओढतो. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची, तिच्या बोटात सैल. ती निसटते, घरंगळत येते आणि हेराच्या पायाशी थांबते.

अंगठी हाती आल्यावर चाणक्याला आता फक्त एक पत्र हवं असतं. इथे विशाखदत्ताने एक मिश्कील टोला मारला आहे. चाणक्य स्वतः पत्र लिहीत नाही, कारण श्रोत्रिय ब्राह्मणांनी कितीही काळजीपूर्वक लिहिलं तरी अक्षर लागत नाही. तेव्हा राक्षसाचा मित्र शकटदास कायस्थ, त्याच्याकडून मजकूर लिहवून घेतला जातो. कोणी कोणाला पाठवला हे त्या मजकुरात मुद्दाम संदिग्ध ठेवलेलं. मग शकटदासाला सुळावर द्यायची शिक्षा होते आणि सिद्धार्थक नावाचा चाणक्याचा माणूस त्याला वधस्थानावरून पळवून थेट राक्षसाकडे नेतो. मित्राचा जीव वाचवणाऱ्यावर राक्षस संशय घेणार नाही, हे गृहीत धरलेलं आहे. तो घेत नाही. अंगावरचे दागिने काढून सिद्धार्थकाला बक्षीस देतो. तो ज्याच्याशी बोलतो, ज्याला मुहूर्त विचारतो, मलयकेतूच्या कानाशी जो लागलेला आहे, ते सगळे चाणक्याचे. माणसं पारखण्यात राक्षस इतका कच्चा कसा, असं वाटतं खरं. पण तो प्रत्येकाला स्वतःच्या मापाने मोजतो, आणि ते माप त्या छावणीत दुसऱ्या कुणाच्याच कामाचं नाही.

सापळा पाचव्या अंकात मिटतो. सिद्धार्थक छावणीबाहेर जाताना पत्र आणि पेटीसकट 'पकडला' जातो. पत्रावर राक्षसाची मुद्रा आहे. अक्षर शकटदासाचं आहे. पेटीत मलयकेतूने स्वतःच्या अंगावरून उतरवून राक्षसाला दिलेले दागिने आहेत. आणि राक्षसाच्या अंगावर या क्षणी जो अलंकार आहे तो मेलेल्या पर्वतकाचा, व्यापाऱ्यांच्या सोंगातल्या चाणक्याच्या माणसांनी त्याला विकलेला. मारलेल्या माणसाचे अलंकार मारणाऱ्याच्या अंगावर! त्यात विषकन्येचं प्रकरण निघतं. पर्वतकाला जिने मारलं ती विषकन्या राक्षसानेच चंद्रगुप्तासाठी पाठवली होती. चाणक्याने तिला पर्वतकाकडे वळवलं, एवढाच फरक. आरोप खोटा असूनही त्यात खऱ्याचा अंश आहे.

यावर राक्षस जे बोलतो तो श्लोक मला पाठ आहे. अर्थ साधारण असा. पत्र माझं नाही म्हणावं, तर मुद्रा माझी आहे. शकटदासाने मैत्री मोडली म्हणावं, तर ते कोण खरं मानेल? मौर्यासारखा राजा दागिने विकायला काढतो, हे कुणाला पटेल? त्यापेक्षा कबूल करणं बरं, इथे गावंढळ उत्तर देण्यात अर्थ नाही. निरपराध माणूस आरोप मान्य करतो, कारण त्याच्याकडे असलेलं खरं उत्तर ऐकायला खोटं वाटेल, आणि तसं बोलणं त्याला शोभत नाही. आजच्या कुठल्याही वकिलाने त्याला मूर्खात काढलं असतं. मला हा त्या माणसाचा सर्वांत उंच क्षण वाटतो. मलयकेतू त्याच्या तोंडावर सांगतो, मी विश्वासघात करणारा राक्षस नाही, मी मलयकेतू आहे. आणि जे त्याचे खरे मित्र होते त्या पाचही राजांना मारण्याचा हुकूम देतो. जमीन हवी होती म्हणतात त्यांना खड्ड्यात पुरायचं, हत्ती हवे होते म्हणतात त्यांना हत्तीच्या पायी द्यायचं.

विशाखदत्ताच्या काळाबद्दल पंडितांत एकमत नाही. कुणी गुप्तकाळात नेतात, कुणी नवव्या शतकापर्यंत खाली आणतात. तो सामंत घराण्यातला होता, आजोबा सामंत, वडील महाराज म्हणवणारे, एवढं प्रस्तावनेत आहे, आणि ते नाटक वाचताना पदोपदी जाणवतं. दरबारात वाढलेला माणूस इथे लिहितो आहे. चौथ्या अंकात त्याने राक्षसाच्या तोंडी एक कबुली घातली आहे: लहानसं बीज पेरून कथानक वाढवायचं, गुंतवायचं आणि पसरलेलं सगळं शेवटी आवरायचं, हे क्लेश एक तर नाटककाराला ठाऊक किंवा आमच्यासारख्यांना. राक्षस हे बोलतो तेव्हा तो अर्धशिशीसारखं डोकं धरून, रात्रभर न झोपता बसलेला आहे. नाटकावरची जी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, सर्वांत जास्त वापरली जाते ती तंजावरच्या मराठी राज्यात ढुंढिराजाने लिहिली, १७१३ च्या सुमारास. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८४ मध्ये मुंबईतून काढलेल्या आवृत्तीत तीच टीका छापली. अमात्य हे पद ज्यांच्या राज्यात चालू होतं त्या लोकांनी हे नाटक जपलं, याचं मला कौतुक वाटतं. त्यांच्यासाठी ते पुराणातलं वांगं नव्हतं.

सगळं गेल्यावर राक्षस पाटलिपुत्राबाहेरच्या एका ओसाड बागेत येतो. वाडा पडलेला, तळं आटलेलं, झाडांना फळ नाही. तिथे एक माणूस दोरी घेऊन गळफास लावायला निघालेला दिसतो. कारण विचारलं तर तो सांगतो, माझा मित्र आगीत उडी घेणार आहे, ते ऐकायच्या आधी मी मरतो. तो का? तर त्याचा मित्र चंदनदास सुळावर जाणार आहे. चंदनदास का? तर त्याने अमात्य राक्षसाचं कुटुंब चाणक्याच्या हवाली केलं नाही. राक्षस तलवार उपसून धावणार, तोच तो दोरीवाला म्हणतो, असं करू नका. शकटदासाला पळवल्यापासून सुळावर चढवणारे सावध झालेत. हत्यारबंद माणूस येताना दिसला की ते आधी कैद्याला संपवतात. राक्षस तलवार टाकून देतो. दोरीवालाही अर्थात चाणक्याचाच माणूस आहे. पहिल्या अंकात चंदनदासाने नकार दिला तेव्हा चाणक्य आतून खूश झाला होता. हा ज्याच्यासाठी जीव द्यायला तयार आहे, तो याच्यासाठी देणारच, एवढं त्याला पुरे होतं.

चंदनदास खांद्यावर सूळ घेऊन येतो. पोरगा विचारतो, बाबा, तुम्ही गेल्यावर मी काय करायचं? बाप म्हणतो, जिथे चाणक्य नसेल अशा देशात राहा. चाणक्याचे पुतळे मनात बांधणाऱ्यांनी हे वाक्य एकदा मोठ्याने वाचावं. त्या शहरातल्या साध्या सज्जन व्यापाऱ्याला चाणक्य असा दिसतो.

मग राक्षस पुढे येतो, वधाची माळ माझ्या गळ्यात घाला म्हणतो, आणि चाणक्य समोर उभा राहतो. राक्षसाचे पहिले शब्द, 'हा दुरात्मा', आणि मग लगेच, 'अथवा महात्मा कौटिल्य'. शर्त एकच, चंदनदास जिवंत हवा असेल तर चंद्रगुप्ताच्या अमात्यपदाचं शस्त्र हाती घे.

नंदांचा स्नेह अजून काळजाला भिडतो आणि मी त्यांच्याच शत्रूचा नोकर, असं म्हणत तो शस्त्र घेतो. ज्या झाडांना स्वतः पाणी घालून वाढवलं तीच तोडली गेली, म्हणतो. 'नमः सर्वकार्यप्रतिपत्तिहेतवे सुहृत्स्नेहाय', जो वाटेल ते करायला लावतो त्या मित्रप्रेमाला नमस्कार. का गतिः, दुसरा इलाज काय? हा मी वाकलो. काही जणांना यात निष्ठेचं योग्य जागी झालेलं स्थलांतर दिसतं. लायक राजाकडे लायक मंत्री गेला, राज्याचं भलं झालं. राक्षसही चंद्रगुप्ताचं तेज मान्य करतो आणि नालायक धन्याचा मंत्री नदीकाठच्या झाडासारखा उन्मळतो, असं कबूल करतो. मला हे समाधान पूर्ण पटत नाही. त्याने चंद्रगुप्ताला निवडलेलं नाही, चंदनदासाला निवडलं आहे. मेलेल्या राजाचं ऋण आणि जिवंत मित्राचं ऋण यांत त्याने जिवंताचं फेडलं, आणि त्याची किंमत म्हणून पद घेतलं. पद ही शिक्षा असलेला मंत्री मला दुसऱ्या कुठल्या नाटकात भेटलेला नाही.

भरतवाक्यही, म्हणजे नाटकाच्या शेवटचा मंगलश्लोकही, त्याच्याच तोंडी आहे. चंद्रगुप्त राजाने पृथ्वीचं दीर्घकाळ रक्षण करावं, असं मागणं नंदांचा अमात्य मागतो. काही हस्तलिखितांत त्या जागी अवंतिवर्मा किंवा दंतिवर्मा असं दुसऱ्याच राजाचं नाव येतं, आणि पंडितांचा कालनिर्णयाचा वाद बराचसा त्या नावांवरच चालतो. नटाला मात्र ही ओळ पेलणं कठीण. ती भक्तीने म्हटली तर मागचे सहा अंक खोटे पडतात, कडवटपणे म्हटली तर राक्षस खोटा पडतो.

त्याच्या जरा आधी एक छोटा व्यवहार होतो, तो बहुतेक जण घाईत वाचून पुढे जातात. हातपाय बांधलेल्या मलयकेतूला सैनिक दारापर्यंत घेऊन आले आहेत. चाणक्य सांगतो, आता अमात्य राक्षसांना विचारा, कारभार त्यांचा आहे. राक्षस चंद्रगुप्ताकडे वळून म्हणतो, आम्ही काही काळ मलयकेतूच्या आश्रयाला राहिलो होतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याचा जीव राखावा. ज्याने विश्वासघातकी म्हणून हाकललं, ज्याने त्याचे पाच मित्र पुरले आणि तुडवले, त्याच्यासाठी. त्याच्या घरचं अन्न खाल्लं होतं, एवढं कारण पुरलं. अमात्यांची ही पहिलीच मागणी, ती मानली पाहिजे, असं चाणक्य म्हणतो. मलयकेतूला बापाचं राज्य परत मिळतं. तो आत येतच नाही, निरोप त्याला दारावरच कळवला जातो.